चंद्रा नदीचं वरचं खोरं: चंद्रताल ते बारालाचा

हिमाचलच्या लाहौलमधली चंद्रा बारालाचा खिंडीजवळच्या बर्फातून निघते, दक्षिणेकडे उतरते, बातलपाशी पश्चिमेला वळते आणि तांदीला तिला भागा मिळते. पुढे तीच चिनाब. बातलच्या खालचं खोरं गाडीतून बघता येतं. चंद्रताल तलावापासून वरचा टप्पा मात्र पायीच करावा लागतो, आणि तिथे ना गाव, ना दुकान, ना फोनला रेंज.

सह्याद्रीत ओढा फुगतो तो पावसाने. इथे तो कडक ऊन पडलं की फुगतो. दुपारी वर बर्फ वितळतं, ते पाणी खाली पोचेपर्यंत संध्याकाळ होते. रात्रीच्या थंडीत वितळणं थांबतं आणि पहाटे पाणी सर्वांत कमी असतं. सकाळी गुडघ्याखाली असलेला नाला संध्याकाळी कमरेला लागतो. त्यामुळे या ट्रेकचं सगळं वेळापत्रक पाणी ठरवतं.

मनालीहून अटल बोगद्यातून सिस्सू, मग कोकसर, ग्रांफू, छत्रू आणि बातल. ग्रांफूनंतर रस्ता म्हणजे दगडगोटेच, आणि त्यावरूनही नाले वाहतात, म्हणून गाडी पहाटेच काढावी. मनाली सोडल्यावर स्पितीतल्या काझापर्यंत पेट्रोल पंप नाही. मुंबई-पुण्याहून येणारे बरेच जण मनालीहून एका दिवसात थेट चंद्रतालला पोचतात, आणि रात्री डोकेदुखी आणि उलट्या सुरू होतात. मनाली 2,050 मीटरवर, तलाव 4,300 च्या आसपास. मध्ये सिस्सूला दोन रात्री आणि छत्रूला एक, एवढं तरी हवंच. त्रास वाढला तर छत्रूकडे उतरायचं. काझाच्या दिशेने नेऊ नका, कारण त्या वाटेवर आधी कुंझुम खिंडीची 4,500 मीटरच्या वरची चढण आहे.

तलाव 2005 पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. काठावर तंबू लावायला बंदी आहे. मुक्काम अलीकडच्या कॅम्पवर करावा.

तलावापासून उत्तरेकडे निघालं की नदी सतत डाव्या हाताला राहते. चंद्रा ओलांडावी लागत नाही. पलीकडची समुद्र टापू हिमनदी कितीही खुणावली तरी त्या फंदात पडू नये. खरी परीक्षा उजवीकडून येणाऱ्या दोन उपनद्यांची: आधी टोकपो योंगमा, मग टोकपो गोंगमा. दुपारी काठावर पोचलात तर अलीकडेच तंबू ठोका आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच उतरा.

पाणी ताकासारखं पांढुरकं असतं, तळ दिसत नाही, म्हणून खोली काठीनेच चाचपायची. अरुंद जागा सोपी वाटते, पण तिथेच पाणी खोल आणि वेगवान असतं. जिथे प्रवाह पसरून तीन-चार धारा झाल्या आहेत, तिथून जावं. पँट काढावी, ती पाणी धरते. अनवाणी मात्र उतरू नये: पाय बधिर झाले की दगडावरून घसरतात. पट्ट्याचे सँडल उत्तम. सॅकचा कमरपट्टा सोडून ठेवावा, म्हणजे पडलात तर सॅक फेकता येते. तोंड प्रवाहाकडे, काठी पुढे, एका वेळी एकच पाऊल. दोर कमरेला कधीही बांधू नये. माणूस पडला की ताणलेला दोर त्याला पाण्याखाली दाबून धरतो. आणि पाण्याखालून धप्प, धप्प आवाज येत असेल तर तळाचे धोंडे वाहताहेत. अशा वेळी थांबायचं, चर्चा नाही.

जुलै ते सप्टेंबरमध्ये इथे गद्दी मेंढपाळ कळप घेऊन असतात. त्या आठवड्यात पाणी ओलांडायला उतार कुठे आहे हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं. डेऱ्याजवळ जाताना लांबूनच हाक द्या. कुत्रे राखणीचे आहेत.

पिण्यासाठी बाजूचे स्वच्छ झरे शोधा. नदीचंच पाणी घ्यावं लागलं तर रात्रभर भांड्यात निवळू द्या, वरचं फडक्यातून गाळा आणि उकळा. तसंच फिल्टरमध्ये ओतलं तर बारीक गाळाने तो लगेच तुंबतो. या उंचीवर पाणी 86 अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ शिजतच नाही. छोटा कुकर न्या, नाहीतर पोहे, सातू आणि नूडल्सवर भागवा.

सप्टेंबरचा पहिला पंधरवडा आम्हाला सर्वांत योग्य वाटतो: पाणी ओसरू लागलेलं असतं, बर्फ अजून पडायचं असतं. तरीही दोन दिवसांचा जादा शिधा हवाच. जुलै 2023 मध्ये अवेळी बर्फ पडून चंद्रतालला शेकडो पर्यटक अडकले होते, आणि तिथे तर गाडीरस्ता आहे.

तलाव ते बारालाचा दोन मुक्काम पुरतात, तिसरा हाताशी ठेवावा. खिंड जवळजवळ 4,900 मीटरवर आहे. तिथे मनाली-लेह रस्ता लागतो. दुपारच्या आत पोचा. केलाँग सुमारे 75 किलोमीटर दूर आहे, लेहहून येणाऱ्या गाड्या बहुधा भरलेल्या असतात आणि खिंडीवर आडोसा नाही. गाडी आधीच ठरवा आणि चालकाला एक दिवस पुढची तारीखही सांगून ठेवा.