हंसध्वनीतला नी

भूप राग आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतो, गाण्याच्या क्लासला जेमतेम महिनाभर गेलेल्यालाही सा रे ग प ध पेटीवर वाजवता येतं. आता त्यातला ध काढा आणि तिथे शुद्ध नी ठेवा, बाकी काही बदलू नका. झाला हंसध्वनी राग. एका सुराचा तर फरक, पण भूप कसा निवांत मांडी घालून बसलेला असतो आणि हा चपला घालून दारात उभा, चला निघूया म्हणत. सगळी करामत त्या नीची, वरचा सा अगदी शेजारी असल्यामुळे त्याला तिथे थांबवतच नाही, आणि मध्ये ध नसल्यामुळे 'प'वरून 'नी'वर थेट उडीच मारावी लागते, मग गाणाऱ्याला सुस्ती येणार कुठून!

कर्नाटक संगीतात मैफलीच्या सुरुवातीला हा राग इतका का गातात ते मला यातच कळतं. त्यातही 'वातापि गणपतिम्' म्हणजे तिकडचं घरोघरी माहीत असलेलं गाणं. मुत्तुस्वामी दीक्षितरांची रचना, आणि राग बांधल्याचं श्रेय त्यांच्या वडिलांना, रामस्वामी दीक्षितरांना देतात. वडिलांनी राग द्यायचा आणि मुलाने तो अजरामर करायचा, असं भाग्य किती जणांना मिळतं? पण माझी एक तक्रार आहे. लोक अजून खुर्च्या शोधत असतात, मागे कुणाचा तरी मोबाईल वाजतो, तेवढ्यात हंसध्वनी उरकतो पण, आणि नंतर तोडी नाहीतर कल्याणी रागाला म्हणे तासभर. हे काय बरोबर नाही.

आपल्याकडे, हिंदुस्तानी संगीतात, तो रुळला त्यात मोठा वाटा मुंबईच्या भेंडीबाजार घराण्याच्या अमान अली खाँसाहेबांचा. त्यांची 'लागी लगन' ही बंदिश आमीर खाँसाहेबांनीही गायली, आणि संगीतकार सलील चौधरींनी 'परिवार' सिनेमात 'जा तोसे नहीं बोलूँ कन्हैया' केलं ते पण हंसध्वनीतच, म्हणजे नाव माहीत नसलेल्यांच्याही तोंडी हा राग असतोच.

'वातापि' आणि 'लागी लगन' एकापाठोपाठ ऐका एकदा. स्वर तेच पाच, पण तिकडचा नी गमकात, म्हणजे सूर झुलवत, हलत हलत वरच्या 'सा'ला जाऊन भिडतो आणि आपला बऱ्याचदा सरळ, स्वच्छ लागतो. मला विचाराल तर हलणारा जास्त आवडतो, पण घरी हे बोलायची सोय नाही, आमच्याकडे सगळे आमीर खाँवाले.