रक्त चालेल, गाणं आवरा

काही सिनेमे दुसऱ्याला सुचवायचे म्हणजे आपल्याच अब्रूशी खेळ असतो. ‘रेपो! द जेनेटिक ऑपेरा’ त्यातला. २००८ सालचा, ९८ मिनिटांचा, काळाकुट्ट, रक्ताने माखलेला आणि जवळजवळ पहिल्यापासून शेवटपर्यंत गाऊन सांगितलेला. हे शेवटचं मी आधी बोलत नाही. बोललं तर कुणी बसतच नाही.

गोष्ट २०५६ सालची. अवयव निकामी होण्याची साथ येते, माणसं पटापट मरायला लागतात आणि जीनको नावाची कंपनी हप्त्यांवर नवे अवयव द्यायला पुढे येते. मूत्रपिंड घ्या, यकृत घ्या, पैसे सवडीने द्या. हप्ते थकले की मात्र वसुलीवाला येतो. तो फोनवर शिव्या देत नाही, शेजाऱ्यांदेखत दारात आरडाओरडा करत नाही. रात्री गाठतो, पोट उघडतो आणि कंपनीचा माल कंपनीत जमा करतो. कायद्यानेच त्याला तशी मुभा दिलेली आहे. सिनेमाच्या दोन लेखकांपैकी एक, डॅरेन स्मिथ. त्यांच्या एका मित्राचं दिवाळं निघालं, त्याच्या वस्तू जप्त झाल्या, आणि तिथून त्यांना ही कल्पना सुचली. ईएमआय भरणाऱ्याला यातलं काहीही समजावून सांगावं लागत नाही. भविष्यकाळ आपला नावाला.

दिग्दर्शक डॅरेन लिन बाउसमन. ‘सॉ’ मालिकेतला दुसरा, तिसरा आणि चौथा भाग यांचाच. त्या तीन सिनेमांत लोकांनी साखळदंड, करवती, तुटलेले हातपाय असं सगळं पोटभर पाहिलं होतं, आणि ‘त्याच माणसाचा नवा सिनेमा’ म्हटल्यावर त्याच तयारीने ते आले. समोर निघाला ऑपेरा. अर्धं भांडण इथेच लागलं असणार.

मी हा सिनेमा निरनिराळ्या लोकांना दाखवला आहे आणि एक गोष्ट पाहून ठेवली आहे. रक्ताबद्दल तक्रार फारशी येत नाही. तक्रार येते ती गाण्याबद्दल.

माझा मावसभाऊ भयपटांचा भक्त. जेवता जेवता प्रेतं बघू शकणारा माणूस. सिनेमात एक प्रसंग आहे : वसुलीवाला एका कर्जदाराला बांधून फाडतो आणि काम करता करता आपल्या नोकरीचं रडगाणं गातो. राबतो मी, पण कदर कुणालाच नाही, असा एकूण सूर. मध्येच तो त्या मेलेल्या माणसाच्या पोटात हात घालून त्याला कळसूत्री बाहुलीसारखा बोलता करतो, म्हणजे गाता करतो. अँथनी हेड नावाचा नट हे इतक्या मन लावून करतो की आपण हसावं की उठून जावं हे कळत नाही. मावसभाऊ उठून गेला. नंतर म्हणाला, “फाडत होता तोपर्यंत बरा होता रे. तोंड कशाला उघडलं?”

याच्या उलट माझी भाची. तिला संगीतिका आवडतात, रक्त बघवत नाही. अर्ध्या सिनेमात तिच्या डोळ्यांवर उशी होती. तरी शेवटी तक्रार केली तीही गाण्यांचीच : चाली कुठे आहेत? तिचं बरोबर आहे. तासा-दीड तासात डझनांनी गाणी कोंबली आहेत. काही मिनिटभराचीही नाहीत. एक कानात रुजतंय तोवर दुसरं येऊन त्याला ढकलतं. त्यात मागच्या हकिकती सांगायला मध्येच चित्रकथेची पानं उलटतात. ती चित्रं दुसरे लेखक टेरेन्स झ्डुनिच यांची, आणि सुंदर आहेत. पण त्यांनी गाडी दर वेळी थांबते. खर्चात भागवायची युक्ती म्हणून मला ती चालते. भाचीला नाही चालली.

आपल्याकडे खरं तर नाटकात गाणं म्हटल्यावर कुणी भुवई उंचावू नये. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या ‘एकच प्याला’त नशेतल्या नवऱ्याच्या हातून पोटचं पोर मरतं, बायको मरते, शेवटी तो स्वतः विष घेतो. याहून भयाण काय असतं? आणि त्यातल्या सिंधूची पदं बालगंधर्वांच्या तोंडून ऐकायला लोक जीव टाकायचे. पण तिथे गद्य आहे. माणसं बोलतात, भांडतात, मग पेटीचा सूर येतो आणि कानाला कळतं, आता पद. ‘रेपो’त ही पायरीच नाही. “घरी चल” हेही गाऊन आणि “तुझी आई कशी मेली” हेही गाऊन. सगळंच गाणं झालं की त्यातलं गाणं कुठलं हे शोधत बसावं लागतं. गाणी आहेत म्हणून लोक चिडत नसावेत, बोलणं नाही म्हणून चिडत असावेत.

युरोपातल्या ऑपेराला हे नवं नाही. इटालियन संगीतकार व्हेर्दीच्या ‘रिगोलेटो’त, १८५१ सालच्या, एक बाप दिवसा बदफैली धन्याच्या दरबारात विदूषकी करतो आणि घरी मुलीला जगापासून लपवून ठेवतो. शेवटी व्हायचं तेच होतं. ‘रेपो’तला बाप दिवसा डॉक्टर, रात्री वसुलीवाला, मुलगी शायलो सतरा वर्षांची, रक्ताचा आजार आहे म्हणून खोलीत कोंडलेली. आजारामागे दुसरंच काही आहे, ते सांगत नाही. म्हणजे सांगाडा चांगला जुना आणि दणकट आहे. वर रबरी हातमोजे, चामड्याचे कमरबंद आणि इलेक्ट्रिक गिटार चढवलं, एवढंच. कंपनीच्या मालकाच्या भूमिकेतले पॉल सॉर्व्हिनो तर ऑपेरा शिकलेले. गँगस्टर म्हणून पाहिलेला हा माणूस तोंड उघडतो तेव्हा बाकीच्यांचा आवाज एकदम घरगुती वाटायला लागतो.

नटांवरूनही दोन तट. मालकाची मुलगी झाली आहे पॅरिस हिल्टन, हॉटेलवाल्या श्रीमंत घराण्यातली, सतत चर्चेत असलेली. चेहरा बदलायच्या शस्त्रक्रियांचं आणि झायड्रेट नावाच्या वेदनाशामकाचं व्यसन लागलेली. (झायड्रेट म्हणजे प्रेताच्या नाकात सुई घालून ओढलेलं निळं चमकणारं द्रव्य. ते विकणारा थडगेचोर झ्डुनिच स्वतः झाले आहेत, आणि सिनेमातलं सगळ्यांत चढणारं गाणं त्याच्या वाट्याला आलं आहे.) हिल्टनबाईंना या भूमिकेसाठी वाईट अभिनयाचा रॅझी मिळाला, त्याच वर्षी दुसऱ्या एका सिनेमासाठी आणखी एक मिळाला. मला हा निकाल आळशी वाटतो. भर रंगमंचावर जिचा नवाकोरा चेहरा गळून पडतो अशी श्रीमंत, लाडावलेली पोरगी करायला त्या वेळी त्यांच्याहून योग्य कोण होतं? लोकांनी नाव वाचूनच गुण देऊन टाकले.

मला स्वतःला सिनेमा आवडतो का? आवडतो. चांगला आहे का? हे विचारलं की मी विषय बदलतो. पहिला अर्धा तास दमछाक करतो, मालकाचे दोन्ही मुलगे सतत किंचाळतात, आणि सतरा वर्षांच्या शायलोच्या बंडखोरीचं जे गाणं आहे ते इतकं पोरकट आहे की रिमोट हातात घ्यावासा वाटतो. पण इतक्या निलाजरेपणाने केलेलं काम पडद्यावर क्वचित दिसतं. चार चौकशा करून, लोकांना काय आवडेल ते बघून काढलेला हा सिनेमा नव्हे.

थिएटरंही त्याला मोजकीच मिळाली. नोव्हेंबर २००८ मध्ये तो अमेरिकेत अगदी थोड्या पडद्यांवर लागला, समीक्षकांनी बहुतेक झोडपला, मग बाउसमन आणि मंडळी तो घेऊन गावोगाव फिरले. पुढे त्याचे भक्त तयार झाले. १९७५ च्या ‘रॉकी हॉरर’ या गाण्यांच्या सिनेमाचे असतात तसेच : पडद्यावर सिनेमा चालू, खाली वेशभूषा करून लोक तोच प्रयोग करताहेत. म्हणजे ज्यांना गाणं खटकलं नाही, ते स्वतःच गायला उभे राहिले. मधल्या मताचा माणूस मला अजून भेटलेला नाही.

जवळपास तसं एक मत आईचं निघालं. ती नाट्यसंगीतावर वाढलेली. मी दाखवणारच नव्हतो, ती मागे येऊन उभी राहिली. नेमकी ब्लाइंड मॅगची वेळ. ही कंपनीची गायिका. डोळे कंपनीचे, करारावर मिळालेले, आणि गाणं सोडलं तर ते परत द्यायचे. सारा ब्राइटमन. १९८६ साली लंडनच्या ‘फँटम ऑफ द ऑपेरा’ या संगीतिकेत पहिली क्रिस्टीन, म्हणजे नायिका, हीच. शेवटच्या कार्यक्रमात ती काळ्या पोशाखात, काळ्या पापण्यांच्या झालरीत, वर टांगलेली गाते, आणि तो खरोखरीचा ऑपेराचा आवाज असतो, लांब, सरळ, कुठेही न हलणारा. आई म्हणाली, “बाईचा गळा तयार आहे.” मग गाण्याच्या शेवटी मॅग दोन्ही हातांनी स्वतःचेच डोळे उपटते. आई स्वयंपाकघरात.

दहा मिनिटांनी आतूनच आवाज आला, “ते मघाचं पुन्हा लाव. आणि डोळ्यांचं आलं की बंद कर.”