तुम्ही विचारलंत म्हणून: पोलीस कुणाचाही फोन ऐकू शकतात का?

हा प्रश्न विचारणाऱ्याला बहुतेक वेळा 'हो' किंवा 'नाही' एवढंच हवं असतं. 'हो' म्हटलं की तो घाबरतो, 'नाही' म्हटलं की निर्धास्त होतो. दोन्ही उत्तरं चुकीची आहेत, आणि दोन्ही तोडत बसायचा आता कंटाळा आला आहे. विचारायचं ते हे: सही कुणाची, कारण काय, आणि नंतर तो कागद कुणी तपासला?

सही सोपी आहे. पोलीस ठाण्याच्या निरीक्षकाला हा अधिकार नाही. राज्यात आदेश गृह सचिव देतात, केंद्रात केंद्रीय गृह सचिव. दुर्गम भाग असेल किंवा कारवाईसाठी थांबणं शक्य नसेल तर फोन ऐकणाऱ्या यंत्रणेचे प्रमुख किंवा त्यांच्या खालोखालचे अधिकारी आदेश देऊ शकतात. राज्यात ते किमान महानिरीक्षक दर्जाचे असावे लागतात. पण मग तीन कामकाजाच्या दिवसांत गृह सचिवांना कळवायचं आणि सात कामकाजाच्या दिवसांत मंजुरी घ्यायची. मंजुरी आली नाही तर ऐकणं थांबतं, आणि फोन ऐकण्याबाबतच्या २०२४ च्या नियमांनुसार तोवर ऐकलेलं कोर्टात पुरावा म्हणून वापरता येत नाही. एका आदेशाचं आयुष्य ६० दिवस, वाढवत वाढवत १८० दिवस, त्यापुढे नाही. आदेशाची प्रत सात कामकाजाच्या दिवसांत पुनर्विलोकन समितीकडे जायला हवी. राज्यात मुख्य सचिव तिचे अध्यक्ष, दोन महिन्यांतून निदान एक बैठक. तिथे न्यायाधीश नाही. सरकारनेच सरकारला तपासायचं, ही या व्यवस्थेतली माझ्या मते सगळ्यात मोठी उणीव.

खरा घोळ कारणाशी होतो. जुन्या टेलिग्राफ कायद्याचं कलम ५(२) असो की त्याच्या जागी आलेल्या दूरसंचार कायदा २०२३ चं कलम २०(२), पायऱ्या दोन आहेत. आधी सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षेचा प्रश्न असला पाहिजे. त्यानंतर देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, गुन्ह्याची चिथावणी रोखणं अशा कारणांपैकी काहीतरी. पहिली पायरी गाळून थेट दुसरीवर उडी मारता येत नाही. सरावात मात्र आदेशात कलमाची भाषाच उतरवलेली असते: 'सार्वजनिक सुरक्षेच्या हितासाठी आवश्यक असल्याची खात्री झाल्याने'. ती खात्री कशावरून झाली, याचा एक शब्द नसतो.

मुंबई उच्च न्यायालयाचा २२ ऑक्टोबर २०१९ चा निकाल म्हणूनच मला पुन्हा पुन्हा सांगावा लागतो. प्रकरण सीबीआयचं. एका व्यावसायिकाने बँकेच्या अधिकाऱ्याला दहा लाखांची लाच दिल्याचा आरोप. त्याचा फोन ऐकण्याचे तीन आदेश निघाले होते: २९ ऑक्टोबर २००९, १८ डिसेंबर २००९ आणि २४ फेब्रुवारी २०१०. तिन्हींत कारण सार्वजनिक सुरक्षेचं. न्यायालयाने पाहिलं ते एवढंच, की एका लाचेच्या व्यवहारात लोकांच्या सुरक्षेला धोका कुठे होता? सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या प्रकरणात सांगून ठेवलं होतं की आणीबाणी काय किंवा सार्वजनिक सुरक्षेचा प्रश्न काय, ती गुप्त गोष्ट नसते. कुणाही समंजस माणसाला ती दिसते. इथे तसं काहीच दिसत नव्हतं. तिन्ही आदेश रद्द झाले. एवढ्यावर न थांबता न्यायालयाने ध्वनिमुद्रणं आणि त्यांच्या प्रती नष्ट करायला सांगितलं.

इथे समोरचा हटकून विचारतो, "मग लाच घेणारे सुटले तरी चालेल?" चालेल असं मी म्हणत नाही. लाचेसाठी सापळा आहे, पंच आहेत, बँक खात्यांचे तपशील आहेत, आरोपपत्र फोनवाचूनही उभं राहतं. पण खरं सांगायचं तर प्रत्येक वेळी उभं राहत नाही. काही प्रकरणांत संभाषणाशिवाय हातात काहीच नसतं, आणि ते नष्ट झालं की प्रकरणाचा जीवच जातो. ही किंमत मोजावी लागते. मला ती योग्य वाटते, आणि तरीही ती खुपते.

पूर्वी मी म्हणत असे की बेकायदा मिळवलेला पुरावाही आपल्याकडे चालतो, विषय संपला. फोनवरच्या ध्वनिमुद्रणाबद्दलचा १९७२ चा सर्वोच्च न्यायालयाचा मलकानी निकाल आणि २००५ चा संसद हल्ला प्रकरणाचा निकाल तसंच सांगतात. २०१७ मध्ये खासगीपणा मूलभूत अधिकार ठरला, त्यानंतर ते म्हणणं तसंच टिकतं का? मुंबईने नाही म्हटलं. २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालय त्याच वाटेने गेलं, तर दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी मोठ्या भ्रष्टाचारालाही सार्वजनिक सुरक्षेत धरलं. तुम्ही कोणत्या कोर्टात उभे आहात यावर उत्तर फिरतं, हे कुणाला पटवून देणं अवघड जातं.

एक फट लोकांना अजिबात माहीत नसते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ ला ती पहिली पायरीच नाही; 'कोणत्याही गुन्ह्याचा तपास' एवढं कारण पुरतं. म्हणजे तोच मजकूर कॉलवर बोललात तर संरक्षण जास्त, संगणकातून गेला तर कमी. हे मला कधीच समजावता आलेलं नाही, कारण त्यामागे सांगण्यासारखं कारण मला सापडलेलं नाही.

आणि खोलीत लपवलेला माइक? फोनचे नियम त्याला लागत नाहीत. महाराष्ट्रात मकोका, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा, लागला असेल तर तोंडी संभाषणही कलम १४ खाली येतं. अर्ज पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याने करायचा, दुसरे मार्ग वापरून पाहिले का, ते का पुरले नाहीत, हे त्यात लिहायचं. मुंबई उच्च न्यायालयाने २००३ मध्ये ही कलमं रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये परत उभी केली. मकोकाबाहेर माइक किंवा गाडीखालचं जीपीएस यंत्र यांसाठी असा टप्प्याटप्प्याचा कायदा नाही. तिथे राज्यघटनेतला जीविताचा आणि खासगीपणाचा हक्क देणारा अनुच्छेद २१ आणि वकिलाची जिद्द, एवढ्यावरच भिस्त.

तुमच्या प्रकरणात ध्वनिमुद्रण आलं असेल तर भावनेने भांडू नका, कागद मागा. मूळ आदेश आणि मुदतवाढीचा प्रत्येक आदेश. ६० दिवस संपले आणि नवा आदेश निघाला, यांत एका दिवसाची जरी फट असली तरी ती दाखवा. प्रत समितीकडे कधी गेली याची नोंद मागा; ती बहुतेक वेळा सहज हाती येत नाही. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र बघा, दोन्ही भाग भरलेले आहेत का, हॅश मूल्य (फाइल बदलली तर बदलणारा तिचा ओळख-आकडा) लिहिलंय का, आणि ते कुठल्या प्रतीचं काढलं आहे. सर्व्हरवरून सीडीवर, सीडीवरून पेनड्राइव्हवर असा प्रवास झाला असेल आणि हॅश शेवटच्या प्रतीचंच असेल, तर मधल्या टप्प्यांवर काय घडलं ते सरकारी पक्षाला सांगू द्या.