दोन टेकड्या आणि मधली तार

सीताबर्डीचा किल्ला सर्वसामान्यांसाठी वर्षातून मोजकेच दिवस उघडतो. यंदा २६ जानेवारीला मामांना घेऊन वर गेलो. मामा सैन्याच्या सिग्नल्समध्ये, म्हणजे संदेशवहन दलात, लाइनमन होते. त्यांचे प्रशिक्षण जबलपूरला झाले. किल्ल्याच्या दोन टेकड्यांपैकी लहान टेकडीकडे पाहत ते म्हणाले, "रीळभर तार पुरली असती. टाकणं सोपं, जपणं कठीण." १८१७ च्या नोव्हेंबरात याच टेकड्यांवर इंग्रज आणि भोसल्यांच्या फौजा लढल्या, तेव्हा तार नव्हतीच, हुकूम माणसाच्या नाहीतर घोड्याच्या पायाने जात.

सैन्यात नवे साधन उशिरा आले की दोष सरसकट फायलींना दिला जातो. पण नवे साधन सैन्यात कसे रुजते, हे समजण्यासाठी मला फुलरफोन या लष्करी तारयंत्राचे उदाहरण फार बोलके वाटते. पहिल्या महायुद्धात खंदकांतील टेलिफोन बहुधा एकेरी तारेवर चालत आणि प्रवाह जमिनीतून परतत असे. त्यामुळे समोरचा शत्रू जमिनीत खुंट्या ठोकून, झिरपणारे संभाषण यंत्राने मोठे करून ऐकू शके. कॅप्टन फुलर यांनी १९१५ मध्ये बनवलेल्या या तारयंत्रातून इतका क्षीण प्रवाह जाई, की चोरून ऐकणाऱ्याच्या हाती जवळजवळ काहीच लागत नसे. शिवाय ते जुन्याच तारेवर, टेलिफोन सुरू असतानाही चाले. दुसऱ्या महायुद्धातही ते वापरात होते, याचे मला नवल वाटत नाही.

ब्रिटिशांच्याच ‘बोमन’ या लष्करी रेडिओ-प्रणालीची गोष्ट उलटी आहे. १९७० च्या दशकातल्या ‘क्लॅन्समन’ संचांना पर्याय म्हणून १९८० च्या दशकाअखेर विचारात घेतलेली ही प्रणाली सेवेत आली ती २००४ मध्ये, कारण पायदळ, रणगाडे आणि मुख्यालये यांना गुप्त आवाज व माहितीसह एकाच जाळ्यात बांधायचे होते. त्याच योजनेतून बाजूला काढलेला, सुमारे अर्धा किलोमीटर पल्ल्याचा छोटा शिपाई-रेडिओ मात्र २००२ मध्येच हाती पडला. त्याला आपल्या तुकडीपलीकडे कोणाशी बोलायचेच नव्हते. म्हणून दिरंगाईचे सगळे खापर फायलींवर फोडणे मला पटत नाही. बंदूक एकट्याच्या हातात चालते. रेडिओ मात्र पलीकडे जुळणारा संच नसेल तर मुका.

उतरताना मामांना हे सांगितले. ते म्हणाले, "नवा संच आला म्हणून जुना लगेच जमा करायचा नसतो बाप्पा. आमचं जुनं एक्स्चेंज वर्षभर गाडीतच होतं."