तोंड कोण बघतंय!

आळंदीला महाद्वारातून आत जाताना पहिल्या पायरीशी गर्दी थबकते. ती हैबतबाबांची पायरी. शिंद्यांच्या पदरी सरदारकी केलेला हा आरफळचा माणूस. माउलींच्या पालखी सोहळ्याला आजची शिस्त त्यांनी लावली, घोडे आणि तंबूंसाठी अंकलीच्या शितोळे सरकारांची साथ मिळवली. आणि समाधीसाठी जागा घेतली ती उंबऱ्याबाहेर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांशी. माझ्या वडिलांना, अण्णांना, हे फार आवडायचं. प्रत्येक वर्षी वारीहून आले की तेच सांगायचे, आणि आम्ही पोरं कंटाळायचो.

ते स्वतः वारीत काय करायचे हे मात्र त्यांच्या माघारी कळलं. पडशीत सुयांचं पाकीट, पांढऱ्या दोऱ्याचं रीळ, स्पिरिटची बाटली. दिंडीच्या विणेकऱ्यांना विचारलं तर म्हणाले, "ताई, ते फोड बघायचे. या की तुम्ही यंदा." भिशी, म्हणजे दिंडीची वर्गणी, भरली आणि मी निघाले.

पुणे ते सासवड ही वारीतली सगळ्यांत लांब चाल, बत्तीस किलोमीटरच्या आसपास, आणि शेवटाला दिवे घाट. घाट चढताना कुणाला काही वाटत नाही, टाळ-मृदंगच ओढून नेतो. खरा हिशेब सासवडच्या मुक्कामी होतो. राहुटीबाहेर सतरंजी टाकली, बॅटरी लावली, आणि माणसं येऊ लागली. आमच्या दिंडीची कमी, परक्या दिंड्यांचीच जास्त.

काम सोपं आहे. सुई-दोरा स्पिरिटमध्ये बुडवायचा, फोडाच्या कडेने आरपार ओढायचा, दोरा आतच ठेवून दोन्ही टोकं कापायची. पाणी आपोआप झिरपतं. कातडी सोलायची नाही. आमच्या घरातल्या डॉक्टर सुनेला ही दोरा आत ठेवायची पद्धत अजिबात मंजूर नाही, म्हणून मी दोरा न ठेवता नुसतं टोचून वर पट्टी लावत होते. आणि साखरेचा त्रास आहे का, हे आधी विचारायचं. असेल तर सुई लावायचीच नाही, सरळ आरोग्य पथकाकडे पाठवायचं.

परभणीकडच्या एक आजी आल्या. टाच पुढे करून म्हणाल्या, "मागच्या साली एकानं दोरा घातला होता. लई हलका हात."

माझ्या पोटात एकदम हललं. चष्मा होता का, उंच होते का, किती काय विचारलं.

"तोंड कोण बघतंय बाई! पाय ठणकत होता."

वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? वाटेवर पाण्याच्या बाटल्यांवर, केळ्यांच्या टेम्पोवर, मांडवांवर पुढाऱ्यांचे हसरे फोटो बघून मी नाकं मुरडत आले होते, आणि इथे मला माझ्या बापाच्या नावाची पोच हवी होती. (त्या बाटल्यांमधलं पाणी मीही प्यायलेच. उन्हात फोटो दिसत नाही.)

अण्णांना गाडगेबाबांचं वेड होतं. पंढरपूरला जाऊनही देवळात न शिरता रस्ते झाडणारे बाबा. त्यांनी वर्गण्या मागून धर्मशाळा उभ्या केल्या, आणि पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. बांधायचं आणि देऊन टाकायचं. हे सगळं मला ठाऊक होतंच. त्या आजींच्या टाचेसमोर बसेपर्यंत ते मला लागू आहे असं वाटलं नव्हतं, इतकंच.

नीरेच्या पुढे ऊन वाढलं, फोड कमी झाले आणि गुडघे बोलू लागले. त्यावर माझ्याकडे तेलापलीकडे काही नव्हतं. तरडगावच्या अलीकडे, चांदोबाच्या लिंबाशी उभं रिंगण झालं. त्या गर्दीत एक कॉलेजचा पोरगा गाठ पडला, सासवडला माझ्याकडून पाय करून घेतलेला. म्हणाला, "काकू, मला दाखवा की." फलटणच्या तळावर तो शेजारी बसला. पहिल्या दोन माणसांना त्याने घाबरत घाबरत हात लावला, तिसऱ्यापासून मला बॅटरी धरायला लावली.

वेळापूरला तो सुया, रीळ, स्पिरिट सगळंच घेऊन मागच्या दिंड्यांमध्ये गेला, तिकडे कुणाकुणाचे पाय फार सुजलेत म्हणून. मला वाखरीपर्यंत काही तो दिसला नाही. वाखरीच्या बाजारात नवीन रीळ घेतलं. पांढरा दोरा संपला होता, पिवळा मिळाला.