बुकवर्म येण्याआधी : डेबियन इंस्टॉलरच्या शेवटच्या आठवड्यांतला माझा अनुभव

डेबियन या लिनक्स प्रणालीची १२वी आवृत्ती, म्हणजे बुकवर्म, १० जून २०२३ रोजी प्रसिद्ध झाली. त्याआधीचे काही महिने मी तिच्या इंस्टॉलरची, म्हणजे ती संगणकावर बसवणाऱ्या प्रोग्रामची, मराठी बाजू सांभाळत होतो. कोणते भाषांतर कुठवर पोचले, कोणती दुरुस्ती कोणत्या पॅकेजमध्ये (सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्यात) अडकली, कुणी कोणत्या यंत्रावर काय तपासायचे, आणि ज्यांच्या हातात शेवटचा निर्णय असतो त्यांच्याकडे काय मागायचे, याचा हिशेब ठेवणे हे माझे काम. मी डेबियनचा अधिकृत डेव्हलपर नाही, त्यामुळे पॅकेज अपलोड करण्याचा अधिकार माझ्याकडे नव्हता. अशा कामात येऊ पाहणारी मराठी मंडळी मला विचारतात, की नेमके करायचे काय असते? त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितो आहे.

आधी इंस्टॉलर कसा बनलेला असतो ते सांगायला हवे, कारण पुढची सगळी धावपळ त्यातूनच येते. पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू केला की प्रथम कर्नल (प्रणालीचा गाभा) आणि इनिटआरडी नावाची छोटी फाइल-व्यवस्था मेमरीत चढते. भाषा निवडणे आणि पुढचे भाग शोधून आणणे एवढ्यापुरती सामग्री तिच्यात असते. डिस्कचे विभाग पाडणारा पार्टमन, मूळ प्रणाली बसवणारा भाग, संगणक सुरू होताना प्रणाली निवडू देणारा ग्रब टाकणारा भाग हे बहुतेक वेळा मागाहून येतात, कधी पेन ड्राइव्हवरून तर कधी नेटवर्कवरून. हे सगळे तुकडे यूडेब नावाच्या छाटलेल्या पॅकेजांच्या रूपात असतात. प्रत्येकाची आवृत्ती वेगळी, आणि प्रत्येकाच्या पोटात त्याच्या संदेशांची सगळ्या भाषांतली भाषांतरे.

भाषांतर करणाऱ्याला हे दिसत नाही. त्याच्यासमोर वेबलेट या भाषांतराच्या संकेतस्थळावर एक सलग यादी असते. तिथे वाक्य सुधारले, जतन केले, काम झाले असे वाटते. पण ती दुरुस्ती स्क्रिप्टमार्फत त्या त्या पॅकेजच्या मूळ कोडमध्ये जाते, मग कुणीतरी ते पॅकेज नव्याने अपलोड करावे लागते, ते आधी अनस्टेबल या डेबियनच्या भांडारातल्या पहिल्या टप्प्यात उतरते आणि ठरावीक दिवस तिथे राहून टेस्टिंगमध्ये, म्हणजे पुढची आवृत्ती जिथे घडते तिथे, सरकते. इंस्टॉलरची रिलीज कँडिडेट, म्हणजे अंतिम होऊ घातलेली, आवृत्ती बांधताना यूडेब टेस्टिंगमधून उचलले जातात. म्हणजे भाषा निवडण्याच्या पडद्यावरचा एखादा शब्द बदलायचा, तर ते पॅकेज टेस्टिंगमध्ये पोचल्यानंतरच इंस्टॉलर नव्याने बांधला जायला हवा. उशीर झाला तर शब्द वेबलेटवर बरोबर आणि वापरणाऱ्याच्या पडद्यावर जुनाच. पार्टमनचे तसे नाही. तो इनिटआरडीत नसल्यामुळे आयएसओ (पेन ड्राइव्हवर उतरवायची इंस्टॉलरची फाइल) तयार होण्याआधी टेस्टिंगमध्ये आला तरी पुरते. हा फरक कळला तेव्हा मी आमचा तक्ता नव्याने आखला : इनिटआरडीतले संदेश एका बाजूला, नंतर येणारे दुसऱ्या बाजूला. शेवटच्या टप्प्यात सगळ्यात उपयोगी पडली ती हीच विभागणी.

त्यावर फ्रीझचे, म्हणजे नवे बदल टप्प्याटप्प्याने थांबवण्याचे, वेळापत्रक. बुकवर्मसाठी १२ जानेवारीला मोठी स्थित्यंतरे (एकाच वेळी अनेक पॅकेजे बदलायला लावणारे फेरफार) थांबली, १२ फेब्रुवारीला सौम्य फ्रीझ, १२ मार्चला कडक, आणि २४ मेला पूर्ण. यूडेब बनवणाऱ्या पॅकेजांना आणखी एक स्वतंत्र कुलूप असते. रिलीज गटाने परवानगी दिली तरी इंस्टॉलरच्या रिलीजची जबाबदारी असलेल्या व्यक्तीची संमती लागते. नव्याने येणाऱ्यांना हा अडथळा जाचक वाटतो. मला तो वाटत नाही. यूडेब देणाऱ्या पॅकेजांत ग्रंथालये (अनेक प्रोग्राम मिळून वापरतात तो कोड) आहेत, फॉन्ट आहेत, फाइल-सिस्टमची साधने आहेत. यातल्या कुणाही देखभालकर्त्याने निरागसपणे नवी आवृत्ती सोडली आणि तिला लागणारे एखादे ग्रंथालय यूडेबच्या रूपात उपलब्धच नसले, तर त्याचे स्वतःचे पॅकेज उत्तम चालेल आणि इंस्टॉलर मात्र मोडेल. सगळ्या वितरणात या एकाच जागी सगळ्यांचे बदल एकमेकांना भिडतात, म्हणून तिथे एक जागता माणूस बसवलेला असतो.

मराठीची म्हणून एक खास बाब आहे. देवनागरी फक्त ग्राफिकल इंस्टॉलरमध्ये दिसते. टेक्स्ट प्रकारात जोडाक्षरे आणि मात्रा नीट जुळवणारी यंत्रणा नसल्यामुळे तिथल्या भाषांच्या यादीत मराठी नसतेच. त्यामुळे चाचणी करणाऱ्यांचे पहिले निरोप बहुधा ‘मराठी गायब आहे’ असेच यायचे. बूट मेनूमध्ये ‘ग्राफिकल इन्स्टॉल’ घ्या, हे चाचणीच्या सूचनांत पहिल्या ओळीत लिहून ठेवल्यावर ते थांबले. मग खरी तपासणी सुरू झाली : ‘क्ष’, ‘ज्ञ’ आणि रफार बटणांच्या पट्टीत कापले जातात का, लांब संदेश चौकटीबाहेर जातात का, पुढे-मागे जाताना भाषा मधेच इंग्रजी होते का. चाचणी करणाऱ्यांत नाशिकचा एक विद्यार्थी होता, बेळगावच्या एक ताई होत्या, आणि सांगली जिल्ह्यातल्या एका शाळेतले सर होते. सरांच्या संगणक कक्षात इंटरनेट नव्हते, यंत्रे जुनी होती, काही तर ३२-बिट. बाकी सगळे नेटइन्स्ट आयएसओवर, म्हणजे बरेचसे भाग इंटरनेटवरून आणणाऱ्या आयएसओवर, तपासत असताना सर डीव्हीडी आयएसओ घेऊन बसायचे, आणि नेटवर्क नसताना येणारे संदेश आम्हाला त्यांच्यामुळेच दिसले. चाचणीला निरनिराळ्या परिस्थितीतली माणसे हवीत, हे मी त्यांच्याकडून शिकलो.

बुकवर्ममध्ये सगळ्यात मोठा बदल फर्मवेअरचा, म्हणजे उपकरणाच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरचा, होता. वायफाय कार्ड, ग्राफिक कार्ड, आता तर ध्वनीसाठीसुद्धा अनेक लॅपटॉपना उत्पादकाचे बंद, म्हणजे मुक्त नसलेले, फर्मवेअर लागते. आधीच्या आवृत्त्यांत अधिकृत इंस्टॉलरमध्ये ते नसायचे. ते असलेला आयएसओ वेगळा आणि अनधिकृत म्हणून ठेवलेला असे, आणि नवख्या माणसाला तो सापडतच नसे. २०२२ च्या शरद ऋतूत डेबियनच्या सदस्यांनी यावर मतदान घेतले, सामाजिक करारात (प्रकल्पाची तत्त्वे मांडणाऱ्या दस्तऐवजात) बदल केला आणि असे फर्मवेअर अधिकृत इंस्टॉलरमध्ये घ्यायचे ठरवले. त्यासाठी नॉन-फ्री-फर्मवेअर असा वेगळा विभाग उघडला. मुक्त सॉफ्टवेअरचा आग्रह मलाही प्रिय आहे, तरी हा निर्णय मला पूर्ण पटतो. दृष्टिहीन वापरकर्ता पडदा वाचून दाखवणाऱ्या आवाजाच्या आधारे इंस्टॉलर चालवतो. ध्वनी कार्डच फर्मवेअरविना मुके राहिले, तर त्याच्यासाठी दार बंद. त्याला तत्त्व समजावून सांगायला इंस्टॉलर बोलणार तरी कसा?

निर्णय झाला की काम सुरू होते. हार्डवेअर ओळखणारा हार्डवेअर-डिटेक्ट आणि पॅकेजांचे स्रोत लिहिणारा अ‍ॅप्ट-सेटअप या दोन्हींत बदल झाले, नवे संदेश आले, आणि प्रत्येक भाषेच्या यादीत काही ओळी अचानक रिकाम्या दिसू लागल्या. भाषांतर अपुरे असले, तर भाषा निवडताक्षणीच इंस्टॉलर वापरणाऱ्याला तसा इशारा देतो. मराठी निवडणाऱ्याने पहिल्याच पायरीवर ‘हे अपुरे आहे’ असे वाचून इंग्रजीकडे वळावे, हे मला मुळीच नको होते. ते संदेश आम्ही सगळ्यांत आधी पूर्ण केले आणि फर्मवेअर लागणाऱ्या वायफायच्या लॅपटॉपवर, नेटवर्कची तार काढून, प्रत्यक्ष पाहिले. व्हर्च्युअल मशीनमध्ये ते संदेश दिसतच नाहीत, कारण तिथल्या आभासी कार्डाला फर्मवेअर लागत नाही.

पहिला रिलीज कँडिडेट ३ एप्रिलला आला, आणि पुढे मेअखेरपर्यंत आणखी तीन. या काळात आमच्या गटात सर्वाधिक गोंधळ उडाला तो कर्नलमुळे. नेटवर्कवरून चालणाऱ्या छोट्या आयएसओमध्ये कर्नल आत असतो, पण कर्नलची मॉड्यूल (हार्डवेअर चालवणारे त्याचे तुकडे) इंस्टॉलर भांडारातून आणतो. भांडारात दरम्यान कर्नलची नवी आवृत्ती आली आणि तिचा एबीआय क्रमांक (कोणती मॉड्यूल कोणत्या कर्नलशी जुळतात ते सांगणारा) बदलला, की आतला कर्नल आणि बाहेरची मॉड्यूल जुळत नाहीत. इंस्टॉलर सांगतो, कर्नल मॉड्यूल सापडली नाहीत. काल चाललेला तोच आयएसओ आज चालत नाही, आणि चाचणी करणाऱ्याला वाटते की आपलेच काही बिघडले. माझ्याकडे असे निरोप आले की मी प्रथम आयएसओची तारीख विचारायचो, मग भांडारातला कर्नल पाहायचो. बहुतेक वेळा तिथेच उत्तर मिळे.

याच कारणाने शेवटच्या आठवड्यांतला क्रम फार काटेकोर असतो. कर्नल ठरतो, सिक्युअर बूटसाठी (फक्त स्वाक्षरी असलेली प्रणाली सुरू होऊ देणाऱ्या सोयीसाठी) त्याची स्वाक्षरी केलेली पॅकेजे तयार होतात, ती टेस्टिंगमध्ये पोचतात. मग इंस्टॉलरच्या मूळ पॅकेजात नवा एबीआय क्रमांक घालून ते अपलोड होते आणि सगळ्या आर्किटेक्चरवर, म्हणजे प्रोसेसरच्या प्रकारांवर, बांधले जाते. बुकवर्ममध्ये अशी ९ आर्किटेक्चर होती, आणि त्यातले एक जरी अडकले तरी बाकीचे थांबतात. बांधलेला इंस्टॉलर भांडाराचा गट टेस्टिंगमध्ये उतरवतो आणि त्यानंतर आयएसओ तयार होतात. बुकवर्म ६.१ कर्नलवर आले. कर्नल नक्की झाल्याची बातमी माझ्यासाठी घड्याळाच्या ठोक्यासारखी होती. त्यानंतर इनिटआरडीतल्या मराठी संदेशांना काही तासांची किंवा फार तर थोड्या दिवसांची संधी उरते.

मे महिन्याच्या मध्याला आमच्या तक्त्यात सुचवलेल्या दुरुस्त्यांची बरीच लांब रांग होती. शुद्धलेखन, अनुस्वार, एकाच गोष्टीसाठी दोन ठिकाणी वापरलेले दोन शब्द, असे बरेच काही. सगळ्या दुरुस्त्या रास्त होत्या. तरीही प्रत्येकीसाठी मी एकच प्रश्न विचारला : हे वाचून कुणी चुकीचे बटण दाबेल का? त्या कसोटीवर फारच थोड्या टिकल्या. त्यांपैकी महत्त्वाची होती डिस्कवर बदल लिहिण्याआधीच्या शेवटच्या प्रश्नाची. मराठी वाक्य व्याकरणाने ठीक होते, पण ‘होय’ म्हटल्यावर जुना डेटा जाणार, हे ते पुरेसे थेट सांगत नव्हते. सरांच्या शाळेतल्या एका शिपाईमामांनी तो पडदा वाचून ‘होय’ म्हणजे काय होणार ते वेगळेच सांगितले, तेव्हा मला शंका उरली नाही. दुरुस्ती पार्टमनमधली होती, इनिटआरडीतली नव्हती, त्यामुळे वेळ होता. मी विनंतीत तीनच गोष्टी लिहिल्या : जुने वाक्य आणि नवे वाक्य इंग्रजी अर्थासह, बदल केवळ भाषांतराच्या फाइलीत आहे हे दाखवणारी जुन्या-नव्यातल्या फरकांची पूर्ण यादी, आणि कोणकोणत्या यंत्रांवर तपासले ते. अनेक भाषांची भाषांतरे एकत्र करून पॅकेजांची जी फेरी अपलोड होणार होती, तिच्यात आमची दुरुस्तीही बसली.

शुद्धलेखनाच्या बाकी सुधारणा मी पुढे ढकलल्या. बेळगावच्या ताई नाराज झाल्या. त्यांनी त्यावर खूप कष्ट घेतले होते आणि त्यांचे म्हणणे अगदी योग्य होते, की मराठी वाचक चुकीचा ऱ्हस्व-दीर्घ पाहून लगेच अविश्वासाने पाहतो. पण पॅकेज पुन्हा अपलोड होणे म्हणजे ते पुन्हा बांधणे, पुन्हा टेस्टिंगची वाट, पुन्हा चाचणी. एका अनुस्वारासाठी तो भार इतरांवर टाकावा, असे मला वाटले नाही. आमचे दोघांचे यावर फोनवर बराच वेळ बोलणे झाले. शेवटी त्यांनीच त्या सगळ्या दुरुस्त्यांची वेगळी फाइल करून ठेवली.

ड्युअल बूटकडे, म्हणजे एकाच संगणकावर दोन प्रणाली ठेवण्याकडे, आम्ही मुद्दाम जास्त लक्ष दिले. ग्रब २.०६ पासून संगणकावरची दुसरी प्रणाली शोधणारा ओएस-प्रोबर मुळात बंद असतो. आपल्याकडे पहिल्यांदा लिनक्स टाकणारा जवळजवळ प्रत्येक जण विंडोज शेजारी ठेवूनच टाकतो, आणि मेनूत विंडोज दिसले नाही की त्याला वाटते सगळे पुसले गेले. नाशिकच्या विद्यार्थ्याने जुन्या बायोसच्या आणि नव्या यूईएफआयच्या (संगणक सुरू करण्याच्या या दोन पद्धती) अशा दोन्ही यंत्रांवर, विंडोज आधीपासून असताना, मराठीतून पूर्ण इन्स्टॉल करून पाहिले आणि प्रत्येक पडद्याचे चित्र ठेवले.

१० जूनला सकाळपासून भांडाराचा गट कामाला लागला होता. आयएसओ त्यानंतर बनतात आणि जसजसे तयार होतील तसतसे चाचणीला येतात. आधी नेटइन्स्ट, मग डीव्हीडी, मग निरनिराळ्या डेस्कटॉपचे लाइव्ह (न बसवता वापरून पाहता येणारे) आयएसओ. युरोपातल्या संध्याकाळी आपल्याकडे रात्र झालेली असते. आयआरसी या गप्पांच्या माध्यमावर कोण काय तपासतो आहे हे जाहीर करायचे, तक्त्यात नोंद करायची, दुसऱ्याने घेतलेले पुन्हा घ्यायचे नाही. मी ग्राफिकल नेटइन्स्ट मराठीतून यूईएफआयवर घेतला. डिस्कचा तो प्रश्न नव्या वाक्यात आला. मी ‘होय’ दाबले, इन्स्टॉल पूर्ण झाले, लॉगिनचा पडदा मराठीत उघडला, आणि मी तक्त्यात हिरवी खूण केली. सरांनी दुसऱ्या दिवशी शाळेत ३२-बिट डीव्हीडी लावली. डेबियनचा ३२-बिट पीसीसाठीचा तो शेवटचा इंस्टॉलर ठरला, कारण पुढच्या आवृत्तीत तो बंद झाला.

रिलीजनंतर यूडेबवरचे कुलूप उघडले. ताईंनी ठेवलेली फाइल मी पहिल्याच आठवड्यात वेबलेटवर एकेक ओळ तपासत चढवली, आणि या वेळी प्रत्येक दुरुस्तीशेजारी ती इनिटआरडीत जाते की नंतर येते, तेही लिहून ठेवले.