भारतीय लायसन्सवरून जर्मन लायसन्सकडे: माझा अनुभव

जर्मनीत राहायला आलेल्या मराठी कुटुंबांच्या गप्पांत घरभाडे, मुलांचे पाळणाघर आणि डॉक्टरची वेळ हे विषय संपले की गाडीच्या परवान्याचा विषय हमखास निघतो, आणि भारताचे लायसन्स आहे म्हणजे ते इथे नुसते बदलून मिळेल, अशी समजूत बहुतेकांच्या मनात असते. प्रत्यक्षात तसे होत नाही. जपान, दक्षिण कोरिया, स्वित्झर्लंड आणि अमेरिकेतील काही राज्ये यांच्या परवानाधारकांना परीक्षेतून पूर्ण किंवा अंशतः सूट देणारी एक यादी जर्मन नियमावलीत आहे; त्या यादीत भारत नाही. आपल्याला लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. मी या सगळ्यातून नुकतीच बाहेर पडले असल्यामुळे, नव्याने येणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

आम्ही हायडेलबर्गच्या दक्षिणेला, वालडॉर्फजवळच्या एका लहान गावात राहतो. वालडॉर्फमध्ये सॅप या सॉफ्टवेअर कंपनीचे मुख्यालय असल्यामुळे या भागात भारतीय कुटुंबे बरीच आहेत. गावातून बस आहे, पण शनिवारी दुपारनंतर ती विरळ होते आणि रविवारी जवळजवळ नसतेच. लहान मूल तापाने फणफणले असताना बसच्या वेळापत्रकाकडे बघत बसावे लागले की गाडी ही चैन आहे असे कोणी म्हणू शकत नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये मी अनेक वर्षे गाडी चालवली, भोसरीच्या चौकातून आणि जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरून रोज ये-जा केली. त्यामुळे गाडी हातात घेण्याची भीती नव्हती.

पहिली गोष्ट मुदतीची. जर्मनीत वास्तव्य सुरू झाल्यापासून सहा महिनेच भारतीय परवान्यावर गाडी चालवता येते. भारतातून निघताना आरटीओकडून काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना वर्षभराचा असतो खरा, पण त्याने ही सहा महिन्यांची मर्यादा वाढत नाही. मुदत उलटल्यावर गाडी चालवणे म्हणजे विनापरवाना गाडी चालवणे, आणि जर्मन कायद्यात तो साधा दंडाचा मामला नसून गुन्हा आहे. ज्यांचा व्हिसा अजून नवीन आहे आणि ज्यांना पुढे इथेच राहायचे आहे त्यांनी ‘कोण विचारतो’ या भरवशावर राहू नये, हे मी अगदी कळकळीने सांगते. अर्ज मंजूर होऊन परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडे पोचेपर्यंत काही आठवडे, कधीकधी काही महिने जातात, म्हणून राहत्या पत्त्याची नोंदणी झाली की लगेच या कामाला लागावे.

अर्जासाठी लागणारी कागदपत्रे मोजकी आहेत: पासपोर्ट, पत्त्याची नोंदणी, बायोमेट्रिक फोटो, चष्म्याच्या दुकानात दहा मिनिटांत होणारी डोळ्यांची तपासणी, प्रथमोपचाराच्या वर्गाचे प्रमाणपत्र आणि भारतीय परवान्याचे अधिकृत भाषांतर. स्मार्टकार्डावर इंग्रजी मजकूर असला तरी भाषांतर लागतेच, आणि ते शपथबद्ध भाषांतरकाराकडून किंवा आडाक या मोटारचालकांच्या संघटनेकडून करून घेता येते. आपल्या कार्डावर हलक्या मोटारीचा आणि गिअरच्या दुचाकीचा वर्ग संक्षेपाने लिहिलेला असतो आणि प्रत्येक वर्गाची सुरुवातीची तारीख वेगळी असू शकते. ते सगळे भाषांतरात नीट उतरले आहे की नाही हे कागद हातात घेतल्या घेतल्या तपासून पाहावे.

प्रथमोपचाराच्या वर्गाबद्दल थोडे जास्त लिहिते, कारण पुष्कळजण तो केवळ शिक्का मिळवण्यासाठी करतात. पंचेचाळीस मिनिटांचे नऊ तास, म्हणजे अख्खा दिवस. रेड क्रॉस, योहानिटर, माल्टेझर अशा संस्था हे वर्ग घेतात आणि मोठ्या शहरांत ते इंग्रजीतही मिळतात. बेशुद्ध माणसाला कुशीवर कसे वळवायचे, छातीवर मिनिटाला शंभर ते एकशेवीस या गतीने दाब कसा द्यायचा, तीस दाबांनंतर दोन श्वास कसे द्यायचे, अपघातात सापडलेल्या दुचाकीस्वाराचे हेल्मेट दोघांनी मिळून कसे काढायचे, हे सगळे बाहुलीवर आणि एकमेकांवर प्रत्यक्ष करून घेतात. तीस वेळा दाब देताना मनगटे आणि खांदे किती भरून येतात हे करून पाहिल्याशिवाय कळत नाही. अपघात दिसल्यावर शक्य ती मदत न करणे हाही जर्मनीत गुन्हा आहे, तेव्हा हा दिवस मला सगळ्या प्रक्रियेतला सर्वांत सार्थकी लागलेला दिवस वाटतो.

नव्याने शिकणाऱ्याला इथे लेखी वर्गांची सक्ती आहे, शिवाय महामार्ग, गावाबाहेरचे रस्ते आणि रात्रीचे ड्रायव्हिंग मिळून बारा सक्तीचे तास आहेत. भारतीय परवाना असणाऱ्यांना ही सक्ती नाही, पण ड्रायव्हिंग स्कूल मात्र टाळता येत नाही, कारण प्रत्यक्ष परीक्षा दुहेरी पेडल असलेल्या, म्हणजे शिक्षकाच्या पायाशीही पेडल असलेल्या, गाडीतून आणि शिक्षक शेजारी बसलेले असतानाच होते. पंचेचाळीस मिनिटांच्या एका तासाला आमच्या भागात साधारण साठ ते ऐंशी युरो घेतात, त्यामुळे किती तास घ्यायचे हा प्रत्येक घरात हिशेबाचा विषय होतो. ऑटोमॅटिक गाडीवर परीक्षा दिल्यास परवान्यावर तशी मर्यादा लिहून येऊ शकते. इथे क्लचच्या गाड्या अजून पुष्कळ असल्यामुळे मी गिअरच्या गाडीवरच परीक्षा द्यायचे ठरवले.

लेखी परीक्षा इंग्रजीत देता येते. तीस प्रश्न असतात, प्रत्येक चुकलेल्या प्रश्नाला दोन ते पाच दोषगुण, आणि एकूण दहापेक्षा जास्त दोषगुण झाले की नापास. पाच गुणांचे दोन प्रश्न चुकले तर बेरीज दहाच होत असली तरी नापासच करतात. एका प्रश्नाला एक, दोन किंवा तिन्ही उत्तरे बरोबर असू शकतात आणि सगळी अचूक निवडली तरच प्रश्न बरोबर धरला जातो. काही प्रश्नांत छोटी चित्रफीत असते. ती पाच वेळा पाहता येते, पण एकदा प्रश्न उघडला की पुन्हा चित्रफितीकडे जाता येत नाही, त्यामुळे आरशात मागून येणारा मोटारसायकलस्वार, पार्क केलेल्या गाडीमागचे मूल असे तपशील आधीच टिपून ठेवावे लागतात. हजारावर प्रश्नांचा संच ॲपवर उपलब्ध असतो. घोकंपट्टी करून पास होणारे आहेत, पण मी प्रत्येक चुकलेल्या उत्तरामागचा नियम शोधत गेले आणि पुढे रस्त्यावर त्याचाच उपयोग झाला. उदाहरणार्थ, वेगाला दहाने भागून तिनाने गुणले की प्रतिक्रियेच्या काळात गाडी किती मीटर जाते ते कळते, आणि दहाने भागून आलेल्या आकड्याचा वर्ग केला की ब्रेक लागल्यावरचे अंतर कळते. ताशी पन्नासला पंधरा आणि पंचवीस मिळून चाळीस मीटर. ताशी शंभरला तीस आणि शंभर मिळून एकशेतीस मीटर. वेग दुप्पट झाला की ब्रेकचे अंतर चौपट होते, हे शाळेत भौतिकशास्त्रात शिकलेले होते. ते पायाशी येऊन भिडले ते इथे.

प्रत्यक्ष शिकवणीच्या पहिल्याच तासाला माझे शिक्षक, निवृत्तीला टेकलेले गृहस्थ, म्हणाले, ‘गाडी तुम्हाला चांगली येते. आता मला तुमची मान हललेली दिसली पाहिजे.’ त्यांचे म्हणणे सगळ्या प्रक्रियेचे सार होते. डावीकडे बसून उजव्या हाताने गिअर टाकणे, इंडिकेटर आणि वायपरच्या दांड्यांची अदलाबदल, रस्त्याची उजवी बाजू, हे सगळे थोड्या दिवसांत अंगवळणी पडते. वेळ लागतो तो बघायला शिकायला. पुण्यात आपण समोरची फट बघतो, हॉर्नने आपण आलो आहोत हे कळवतो आणि बाकीचे आपल्याला सांभाळून घेतील असे धरून चालतो. त्या गर्दीत ती समजही एक कौशल्यच आहे. इथे हॉर्न धोक्याची सूचना देण्यापुरता आहे. दुसऱ्याचा हक्क आपणच आधी ओळखून थांबायचे असते, आणि ते ओळखण्याच्या खुणा रस्त्यावर बारीक अक्षरांत लिहिल्यासारख्या असतात.

सर्वांत मोठी खूण म्हणजे ‘रेश्ट्स फोर लिंक्स’, उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ देण्याचा नियम. ताशी तीसच्या निवासी भागात चौकात बहुधा फलक नसतो, सिग्नल नसतो, आणि उजवीकडच्या अरुंद गल्लीतून येणाऱ्या गाडीला आपल्या रुंद रस्त्यापेक्षा अधिक मान असतो. कुंपणाच्या झुडपांमुळे गल्ली दिसत नसेल तर माणसाच्या चालीने पुढे सरकायचे, आणि परीक्षकाला दिसेल इतक्या स्पष्टपणे उजवीकडे बघायचे. पण याला अपवाद आहे आणि तो पायाखालच्या दगडात आहे. गल्लीच्या तोंडाशी फुटपाथच्या कडेचा दगड खाली दाबून सलग पुढे नेलेला असेल, तर त्या दगडावरून येणाऱ्याने सगळ्यांना वाट द्यायची असते. आमच्या गावातल्या एका कोपऱ्यावर शिक्षकांनी गाडी बाजूला घेऊन मला खाली उतरवले, तो दगड दाखवला आणि पुढच्या गल्लीतला सलग नसलेला दगडही दाखवला. दोन्ही गल्ल्या दुरून सारख्याच दिसत होत्या. त्यानंतर मी चौक जवळ आला की आधी दगड बघते.

दुसरी गोष्ट खांद्यावरून मागे बघण्याची. आरसा बघूनही काही भाग दिसत नाही, म्हणून वळताना, लेन बदलताना आणि कडेवरून निघताना मान वळवून मागे बघणे सक्तीचेच आहे. उजवीकडे वळताना आपल्या उजव्या अंगाने सरळ जाणारा सायकलस्वार हा खरा धोका असतो, आणि त्याला आधी जाऊ द्यायचे असते. सायकलस्वाराला ओलांडताना गावात किमान दीड मीटर आणि गावाबाहेर दोन मीटर अंतर ठेवण्याचा आकडा 2020 च्या दुरुस्तीपासून नियमात स्पष्ट लिहिलेला आहे. समोरून गाडी येत असेल तर हे अंतर मिळत नाही, म्हणजे सायकलच्या मागे तिच्याच वेगाने जायचे, आणि मागच्या गाडीचा दबाव घ्यायचा नाही.

महामार्गाची तयारी आम्ही वालडॉर्फजवळ केली, जिथे ए-5 आणि ए-6 हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात आणि मालवाहू ट्रकांची रांग दिवसभर चालू असते. तिथे शिरताना हळू होऊन वाट बघण्याचा आपला स्वभाव उपयोगाचा नाही. प्रवेशाच्या पट्टीवर वेग वाढवून, मान वळवून, दोन ट्रकांमधली जागा हेरून त्यांच्या वेगानेच आत जावे लागते. कोंडी झाली की सगळ्यात डावीकडच्या लेनने डाव्या कडेला आणि बाकीच्या सगळ्यांनी उजव्या कडेला सरकून रुग्णवाहिकेसाठी मधली वाट मोकळी ठेवायची, आणि तीही रुग्णवाहिका दिसण्यापूर्वीच. शेकडो गाड्या कोणी न सांगता अशी वाट करून थांबतात, हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला फार आवडले.

गावाबाहेरच्या सरावात आम्ही वालडॉर्फशेजारच्या वीसलॉखमधून जात असू. 1888 मध्ये मोटारीचे जनक कार्ल बेन्झ यांच्या पत्नी बेर्टा बेन्झ यांनी मानहाइमहून फोर्त्सहाइमला मोटारीने जाताना इथल्या औषधाच्या दुकानातून इंधन विकत घेतले होते, आणि ते दुकान जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणून ओळखले जाते. कोणत्याही परीक्षेविना, नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन निघालेल्या त्या बाईंच्या रस्त्यावर आपण शिकतो आहोत, याचा मला मनापासून आनंद वाटे.

प्रत्यक्ष परीक्षा 2021 पासून पंचावन्न मिनिटांची आहे. परीक्षक मागच्या सीटवर बसतात आणि सूचना जर्मनमध्येच देतात. ‘पुढच्या संधीला डावीकडे वळा’, ‘योग्य जागा पाहून गाडी लावा’ इतपत जर्मन कानाला सवयीचे हवे, म्हणून शेवटचे तास शिक्षकांना फक्त जर्मनमध्येच बोलायला सांगावे. सुरुवातीला गाडीबद्दल एखाददुसरा प्रश्न विचारतात. मला टायरच्या खाचांची खोली विचारली. कायद्याने ती किमान 1.6 मिलिमीटर लागते. एक युरोच्या नाण्याची सोनेरी कडा तीन मिलिमीटरची असते आणि ती खाचेत पूर्ण बुडली तर टायर चांगला, हे शिक्षकांनी सांगितलेले मी नाणे लावूनच दाखवले. पुढे समांतर पार्किंग, ताशी तीसवरून अचानक ब्रेक, निवासी भाग आणि महामार्ग झाले. शिक्षकांनी कोणत्याही क्षणी पेडलवर पाय ठेवला तर परीक्षा तिथेच संपते, एवढे लक्षात ठेवावे. गाडी थांबवून परीक्षकांनी उत्तीर्ण झाल्याचे सांगितले आणि एका चौकात मी फार वेळ थांबले होते, मागच्यांचा खोळंबा होतो, अशी सूचनाही केली. ती योग्यच होती. अति सावधपणाही इथे दोषच धरतात.

जर्मन कार्ड हातात देताना भारतीय कार्ड जमा करून घेतात, याची अनेकांना कल्पना नसते आणि त्या खिडकीवर उभे असताना जिवाला लागते. म्हणून त्या दिवसाआधी स्मार्टकार्डाच्या दोन्ही बाजूंची रंगीत प्रत काढून ठेवावी, सारथी या भारत सरकारच्या परवाना पोर्टलवरचा आपला तपशील उतरवून ठेवावा आणि भाषांतराची मूळ प्रत शक्य असल्यास स्वतःकडे ठेवावी, कारण विमा कंपनी गाडी चालवण्याचा जुना अनुभव विचारते तेव्हा हेच कागद पुढे करता येतात. नवीन कार्ड पंधरा वर्षांसाठी असते, आणि मुदत संपल्यावर फक्त कार्ड बदलावे लागते, परीक्षा पुन्हा द्यावी लागत नाही. माझ्या यजमानांचा अर्ज आता गेला आहे. त्यांना मी आधी त्या कोपऱ्यावरचे दोन दगड दाखवून आणले.